काटा कोणाच्या हाती?



भिलाईच्या वैशाली नगरातून सुपेल्याच्या बाजूने जी. ई. रोडला लागले की लोखंड लादलेले ट्रक दृष्टीस पडतात. माल कोठेही जावयाचा असो, वाटेत तो वजनाच्या काट्यावर चढतोच. आपल्या भागात ह्या काट्याला धरमकाटा म्हणतात. रिकाम्या गाडीचे वजन एकदा, भरलेल्या गाडीचे वजन एकदा, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे मालाचे वजन. देणारा व घेणारा दोघेही तो आकडा मानतात, म्हणून व्यवहार तंट्याविना पार पडतो. काटा एकाच्या घरचा आहे अशी दुसऱ्याला शंका आली, तर मात्र त्या आकड्याला काही किंमत उरत नाही.

हाच न्याय राष्ट्रांना लावता येईल काय? दोन राष्ट्रांची आरमारे काट्यावर घालावीत, "तुझे एवढे, माझे एवढे, ह्याहून अधिक कोणी बांधावयाचे नाही" असे ठरवावे, आणि तेवढ्याने समुद्रावर शांतता नांदावी, हे शक्य आहे काय? शक्य असले तरी ते न्याय्य होईल काय? प्रश्न केवळ तर्काचा नाही. असा करार जगात प्रत्यक्ष झाला आहे, तो चौदा वर्षे टिकला आहे आणि त्यावर हिंदुस्थानच्या नावाने एक सहीही झालेली आहे. भिलाई समुद्रापासून दूर असली तरी तिचे पोलाद समुद्रावर गेलेले आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आपण येथे बसून करणे अप्रस्तुत होणार नाही.

पहिल्या महायुद्धाचा शेवट १९१८ मध्ये झाला, परंतु आरमारांची स्पर्धा थांबली नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जपान ही तिन्ही राष्ट्रे अजस्र युद्धनौका बांधीत होती. जपानच्या राष्ट्रीय खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या आरमारावर जात होता. अशा वेळी १२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टन येथे परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज होते. जमलेल्या मंडळींची अपेक्षा स्वागताच्या चार शब्दांची होती. ह्यूज ह्यांनी त्याऐवजी आकडेच वाचून दाखविले. अमेरिकेने आपल्या जुन्या व बांधणीतल्या मिळून ३० मोठ्या नौका, म्हणजे ८,४५,७४० टन, मोडीत काढाव्यात. ब्रिटनने ५,८३,३७५ टन आणि जपानने ४,४८,९२८ टन सोडावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. एकूण बेरीज १८,७८,०४३ टन होते.

वाटाघाटींनंतर ६ फेब्रुवारी १९२२ रोजी करारावर सह्या झाल्या. मोठ्या युद्धनौकांसाठी अमेरिका व ब्रिटन ह्यांना प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन, फ्रान्स व इटली ह्यांना प्रत्येकी १,७५,००० टन अशी कमाल मर्यादा ठरली. पहिल्या तिघांचे प्रमाण ५ : ५ : ३ असे झाले. कोणतीही युद्धनौका ३५,००० टनांहून जड असू नये, तिच्या तोफेचे तोंड १६ इंचांहून मोठे असू नये, आणि काही ठरावीक अपवाद सोडून दहा वर्षे नवी मोठी युद्धनौका बांधू नये, हेही ठरले.

येथे वजन कसे करावयाचे हा प्रश्न आलाच. जहाज ट्रकासारखे काट्यावर चढविता येत नाही. ते जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढे त्याचे वजन. परंतु कोणत्या स्थितीत? कोठारे भरलेली असताना की रिकामी? कराराने ह्याचे उत्तर बारकाईने दिले. खलाशी, तोफा, दारूगोळा, अन्न व पिण्याचे पाणी धरून, परंतु इंधन आणि बाष्पकांसाठी राखून ठेवलेले पाणी वगळून जे वजन भरेल, ते प्रमाण वजन. इंधन वगळण्यामागे कारण होते. ब्रिटनची बंदरे जगभर पसरलेली होती, त्याच्या नौकांना वाटेत कोठेही इंधन मिळे. अमेरिकेच्या नौकांना विशाल प्रशांत महासागर ओलांडावयाचा तर पोटात पुष्कळ इंधन घेऊन निघावे लागे. इंधन मोजले असते तर दूर जाणाऱ्याला त्याचा दंड बसला असता. टन म्हणजे किती, हेही लिहून ठेवावे लागले : २,२४० पौंड, म्हणजे सुमारे १,०१६ किलोग्रॅम. वाचकहो, ह्या तपशिलाला कंटाळू नका. प्रामाणिकपणाचा निम्मा भाग अशा तपशिलातच असतो. "समान" हा शब्द उच्चारणे सोपे आहे. कोणत्या स्थितीत, कोणत्या मापाने, काय धरून आणि काय सोडून, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

ह्या करारातली चांगली बाजू प्रथम मान्य करू या. ह्यूज ह्यांनी दुसऱ्याला "तू सोड" असे म्हणण्याअगोदर "मी हे सोडतो" असे म्हटले, आणि सर्वांत मोठा आकडा स्वतःच्या राष्ट्राच्या नावापुढे मांडला. मर्यादेची भाषा करणारे पुष्कळ असतात, मात्र ती स्वतःपासून सुरू करणारे थोडे. करार झाल्यावर खरोखरीच जहाजे मोडली गेली, कोट्यवधींचा खर्च वाचला, आणि मोठ्या युद्धनौकांची स्पर्धा काही वर्षे थांबली. ज्या पिढीने नुकतेच महायुद्ध पाहिले होते तिला ही उसंत लहान वाटली नसेल.

परंतु आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जपानने ५ : ३ नव्हे, तर १० : ७ असे प्रमाण मागितले होते. एका आकड्याचा तो हट्ट नव्हता. दूरवरून चालून येणाऱ्या आरमाराला विजयासाठी बचाव करणाऱ्याच्या दीडपट बळ लागते, असे त्या काळच्या आरमारी शास्त्राचे मत होते. दहास सात म्हणजे दीडपटीहून थोडे कमी, दहास सहा म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक. म्हणजे एका आकड्याच्या ह्या बाजूला आपण सुरक्षित आणि त्या बाजूला असुरक्षित, असे जपानी अधिकाऱ्यांना वाटत होते. शेवटी जपानने दहास सहा मान्य केले. त्याबद्दल प्रशांत महासागरातील ठरावीक बेटांवर नवी तटबंदी न करण्याचे वचन त्याला मिळाले, आणि 'मुत्सु' ही युद्धनौका राखता आली. त्या नौकेच्या खर्चासाठी शाळकरी मुलांनीही वर्गणी दिली होती. ती मोडीत काढण्याची कल्पना त्या राष्ट्राला सहन होण्यासारखी नव्हती.

जपान दहास सहावर येईल हे अमेरिकेला कसे ठाऊक होते? हर्बर्ट यार्डली ह्यांच्या हाताखालील गुप्त कचेरी जपानी शिष्टमंडळाच्या सांकेतिक तारा उलगडून वाचीत होती. टोकिओहून आपल्या प्रतिनिधींना कोठपर्यंत माघार घेण्याची मुभा आली आहे, हे ह्यूज ह्यांना माहीत होते. म्हणून ते ठाम राहिले. १९३१ साली यार्डली ह्यांनी स्वतःच पुस्तक लिहून ही गोष्ट जगजाहीर केली, तेव्हा जपानमध्ये किती संताप झाला असेल ह्याची कल्पना करा. काटा सर्वांसमोर होता, आकडे खरे होते, तरीही सौदा करणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या खिशात हात घातलेला होता. अशा कराराला आपण सचोटीचा म्हणावे काय?

त्याहून खोल प्रश्न हा की, ५ : ५ : ३ हे प्रमाण कोणत्या तत्त्वावर उभे होते? ह्यूज ह्यांचे उत्तर होते : आज ज्याचे जेवढे बळ आहे त्या प्रमाणात. हे उत्तर व्यवहार्य आहे, परंतु ते न्याय्य आहे असे सिद्ध होत नाही. आजची विषमता उद्याचे प्रमाण म्हणून लिहून ठेवली, एवढेच त्यातून साधते. दुसरे उत्तर गरजेचे. ज्याला जितका समुद्रकिनारा राखावा लागतो तितके त्याचे आरमार असावे. हे ऐकावयास अधिक न्याय्य वाटते. परंतु ब्रिटनची गरज एवढी मोठी का होती? कारण त्याला साम्राज्य राखावयाचे होते, आणि त्या साम्राज्यात आपला किनारा होता.

हिंदुस्थानच्या वतीने त्या करारावर सही केली ती व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री ह्यांनी. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ते त्या वेळी अध्यक्ष होते. गोखल्यांच्या मागून पुण्याच्या त्या संस्थेची धुरा वाहणारा हा विद्वान व सौम्य गृहस्थ जगातील बलाढ्य आरमारांच्या तहावर सही करण्यास बसला, तेव्हा हिंदुस्थानजवळ स्वतःची एकही मोठी युद्धनौका नव्हती. रॉयल इंडियन मरीन नावाचे दल होते, त्याचे काम सैन्याची वाहतूक, सागरी मोजणी अशा स्वरूपाचे. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव त्याला १९३४ साली मिळाले. करारातल्या पाच आकड्यांत हिंदुस्थानचा आकडा नव्हता. आपला देश त्या काट्यावर होता, परंतु तोलणारा म्हणून नव्हे. ब्रिटनच्या पारड्यातले एक वजन म्हणून तो तेथे होता. आपल्या नावाची सही आणि आपल्या हातची सत्ता ह्यांत किती अंतर असू शकते, ह्याचे हे उदाहरण प्रत्येक भारतीयाने ध्यानात ठेवावे.

आता कराराच्या पळवाटांकडे पाहू. १०,००० टनांपर्यंतच्या व ८ इंची तोफा वाहणाऱ्या क्रूझर नौकांच्या संख्येवर वॉशिंग्टनमध्ये बंधन पडले नाही. परिणाम असा झाला की प्रत्येक राष्ट्र नेमक्या १०,००० टनांच्या क्रूझर बांधू लागले. जी कमाल मर्यादा होती तीच किमान गरज ठरली. इटलीच्या 'गोरित्सिया' ह्या क्रूझरला १९३६ साली अपघात होऊन ती दुरुस्तीसाठी जिब्राल्टरच्या ब्रिटिश गोदीत आली, तेव्हा ती जाहीर केलेल्या वजनापेक्षा पुष्कळ जड असल्याचे ब्रिटिशांना कळून आले. करारात एकमेकांची जहाजे तपासण्याची तरतूदच नव्हती. प्रत्येकाने आपले वजन आपणच सांगावयाचे आणि इतरांनी ते मानावयाचे, अशी ती व्यवस्था होती.

एक पळवाट तर थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. कराराने विमानवाहू नौकेची व्याख्या करताना १०,००० टनांहून अधिक वजनाचीच नौका त्या नावात धरली. त्याहून हलकी नौका मोजणीतच येत नव्हती. जपानने १९२९ मध्ये 'ऱ्यूजो' ही नौका बांधावयास घेतली ती ह्या फटीत बसावी म्हणूनच. १९३० च्या लंडन कराराने ती फट बुजविली, पण नौका तोवर बांधणीत होती. मग हलकी ठेवण्याचे कारण उरले नाही, म्हणून विमानांसाठी तिच्यावर आणखी एक मजला चढविण्यात आला. १९३३ मध्ये ती आरमारात दाखल झाली. ६ एप्रिल १९४२ रोजी तिच्यावरून उडालेल्या विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा ह्या बंदरांवर बॉम्ब टाकले. छत्तीसगडच्या माणसाला समुद्र पाहावयाचा तर तो गाडीत बसून विशाखापट्टणलाच जातो. व्याख्येतील एका आकड्याच्या आडोशाने जन्मलेले जहाज अखेर त्या किनाऱ्यावर आले. नियमाचे शब्द पाळून नियमाचा हेतू मोडणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. त्या हुशारीची किंमत कोणी मोजली, हे विशाखापट्टणच्या गोदीत त्या दिवशी काम करणाऱ्यांना विचारावे लागले असते.

शेवटी जपानने २९ डिसेंबर १९३४ रोजी करार सोडण्याची सूचना दिली आणि ३१ डिसेंबर १९३६ रोजी त्याची मुदत संपली. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

हा झाला परस्परांच्या संमतीने घातलेल्या मर्यादेचा इतिहास. परंतु मर्यादेचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आपल्या मराठी किनाऱ्याने अनुभविला आहे. १७५५ साली नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज ह्यांच्यात तुळाजी आंग्रे ह्यांच्याविरुद्ध करार झाला. समुद्रावरील मोहिमेची सूत्रे इंग्रजांच्या हाती राहिली. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि खाली बंदरात असलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. पेशव्यांचा एक प्रतिस्पर्धी दूर झाला खरा, परंतु त्याबरोबर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असे मराठी आरमारही राहिले नाही. आपल्याच माणसाचे बळ कमी करण्यासाठी ज्याच्या हाती काटा दिला, त्याने तो काटा परत दिला नाही.

छप्पन्न वर्षांनी उरलेले कामही पुरे झाले. १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांनी मालवणचे बंदर सिंधुदुर्गासह इंग्रजांना दिले आणि लढाऊ गलबते न बाळगण्याचे कबूल केले. त्याच वर्षी सावंतवाडीकरांना वेंगुर्ले द्यावे लागले व आपली लढाऊ जहाजे स्वाधीन करण्याचे मान्य करावे लागले. कारण सांगितले गेले ते चाचेगिरीच्या बंदोबस्ताचे. व्यापारी गलबतांना उपद्रव होत होता, हे खोटे नव्हे. परंतु त्या तहांत कंपनीच्या आरमारावर कोणती मर्यादा होती? कोणतीच नव्हती. एका पक्षाचा आकडा शून्य आणि दुसऱ्याचा अमर्याद, असे ते प्रमाण होते. ज्या सिंधुदुर्गाच्या आश्रयाने शिवाजी महाराजांचे आरमार वाढले, त्याच किल्ल्याखालच्या बंदरात शेवटी ही वेळ आली.

अशा एकतर्फी मर्यादेचे फार जुने वर्णन आपल्या परिचयाचे आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की, शौलाच्या काळी इस्राएलाच्या साऱ्या देशात लोहार उरला नव्हता. इब्र्यांनी तलवारी व भाले घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी तशी व्यवस्था केली होती. शेतकऱ्याला नांगराचा फाळ किंवा कुऱ्हाड धारेस लावावयाची तरी पलिष्ट्यांकडे उतरावे लागे आणि त्याचे मोल द्यावे लागे. लढाईच्या दिवशी शौल व योनाथान ह्या दोघांखेरीज कोणाच्याही हाती शस्त्र नव्हते. ह्या उताऱ्यात 'पिम' असा एक इब्री शब्द आहे. त्याचा अर्थ शतकानुशतके भाषांतरकारांना कळत नव्हता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'कानस' असा शब्द घातला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅलेस्टाइनच्या भूमीत तीच अक्षरे कोरलेली लहान दगडी वजने सापडू लागली, आणि उलगडा झाला : 'पिम' हे वजनाचे नाव आहे, सुमारे दोन-तृतीयांश शेकेल. म्हणजे धार लावण्याची मजुरी तेवढी रुपे. ज्याने लोहार काढून नेले तोच धार लावण्याचे दाम ठरवीत होता. शस्त्रावरची मर्यादा आणि बाजारातला काटा हे दोन्ही एकाच हाती गेले की काय होते, ते त्या एका शब्दात साठविलेले आहे. लोखंडाच्या गावात राहणाऱ्यांना हा अध्याय अधिक जवळचा वाटावा.

तर मग, वाचकहो, निष्कर्ष कोणता काढावा? काही जण म्हणतील की हा सारा इतिहास एकच गोष्ट शिकवितो. करार दुर्बळांना बांधतात, सबळ त्यातून निसटतात. म्हणून मर्यादेच्या गोष्टी सोडून जमेल तेवढे बळ वाढवावे. ह्या मताला उडवून लावता येत नाही, कारण त्याच्या बाजूला विजयदुर्ग आहे, मालवण आहे, 'ऱ्यूजो' आहे. तथापि ते मत अपुरे आहे. वॉशिंग्टनचा करार मोडला म्हणून तो निरर्थक होता असे ठरत नाही. मोडलेल्या प्रत्येक वचनावरून वचन देणेच चुकीचे ठरत असते, तर जगात विवाह, भागीदारी आणि मैत्री ह्यांपैकी काहीच शिल्लक राहिले नसते. त्या करारामुळे जी जहाजे बांधली गेली नाहीत त्यांची गणती कोणी ठेवीत नाही, पण ती न बांधली जाणे हीही घडलेलीच गोष्ट आहे.

माझ्या मते फरक येथे आहे. मर्यादा आणि मर्यादा ह्यांत भेद आहे. जी मर्यादा मी स्वतःवर घालून घेतो आणि दुसऱ्याला तीच घालून घेण्याची विनंती करतो, ती वचन असते. जी मर्यादा मी दुसऱ्यावर घालतो आणि स्वतः तिच्याबाहेर राहतो, ती दास्याची बेडी असते, मग तिच्यावर त्या दुसऱ्याची सही असो वा नसो. १८१२ च्या तहांवर सह्या होत्याच. १९२२ चा करार ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा होता. ह्यूज ह्यांनी पहिला आकडा स्वतःचा वाचला तेथवर तो वचनाच्या बाजूला होता. चोरून वाचलेल्या तारा, मतच न विचारल्या गेलेल्या वसाहती आणि तपासणीचा अभाव, ह्या ठिकाणी तो दुसऱ्या बाजूला झुकला. ज्या ठिकाणी झुकला, त्याच ठिकाणी तो पुढे तडकला.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'विक्रांत' ही स्वदेशी विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. तिची लांबी २६२ मीटर आणि वजन सुमारे ४३,००० टन. तिच्यासाठी लागलेले खास पोलाद, सुमारे ३०,००० टन, भिलाई, बोकारो व राउरकेला येथील पोलाद कारखान्यांनी पुरविले. वैशाली नगरातील कित्येक घरांतून माणसे पाळीला जातात, निवृत्त होऊन घरी बसलेली आहेत, किंवा कारखान्याच्या आधारावर चालणाऱ्या धंद्यांत आहेत. त्या नौकेचा त्यांना अभिमान वाटला तर त्यात गैर काय? ज्या देशाच्या नावाने १९२२ साली सही झाली, पण ज्याचा आकडा लिहिला गेला नाही, तो देश आज आपल्या किनाऱ्याची राखण आपल्या लोखंडाने करतो. ज्यांचे लोहार काढून नेले गेले होते त्यांच्या घरी पुन्हा भाता पेटला, ह्याचा आनंद मानण्यास कोणाची हरकत नसावी.

परंतु अभिमानाबरोबर विचारही हवा. आज हिंदी महासागरात कोणाच्याही आरमाराला वजनाची मर्यादा घालणारा करार नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा महासागर शांततेचा प्रदेश असल्याचे घोषित केले, त्यासाठी पुढाकार श्रीलंकेने घेतला होता. योगायोग असा की त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले, आणि त्याच सुमारास अमेरिकेची 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली होती. घोषणा झाली, पण काट्यावर चढावयास कोणी आले नाही. तेव्हापासून वर्तमानपत्रांतून आरमारांच्या तुलनेची कोष्टके मात्र आपण वाचीत आलो आहो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या २०२४ च्या अहवालात चिनी आरमाराच्या नौका व पाणबुड्या मिळून संख्या ३७० हून अधिक सांगितली आहे. अमेरिकेची संख्या तीनशेच्या आत. संख्येने चीन पुढे, परंतु एकूण टनांत अमेरिका पुढे, आणि विमानवाहू नौका अमेरिकेजवळ ११ तर चीनजवळ ३. कोणते कोष्टक खरे? दोन्ही खरी आहेत. ज्याला भीती दाखवून पैसा मंजूर करून घ्यावयाचा आहे तो एक कोष्टक निवडतो, ज्याला आपला रुबाब दाखवावयाचा आहे तो दुसरे. पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवू नयेत, एक देण्याचे व एक घेण्याचे, असा नियमशास्त्राचा दंडक आहे. तो केवळ धान्याच्या दुकानापुरता नसावा.

म्हणून अशी तुलना पुढे आली की काही प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. हे वजन कोणत्या मापाने झाले, आणि तेच माप मोजणाऱ्यालाही लावले आहे काय? मर्यादा सुचविणारा स्वतः काय सोडावयास तयार आहे? त्याचे म्हणणे तपासून पाहण्याची सोय आहे काय? आणि त्या काट्यावर असे कोणी आहेत काय, ज्यांना वजन म्हणून टाकले आहे पण मत म्हणून विचारलेले नाही? हे प्रश्न आपल्या विरोधकांना विचारणे सोपे असते. तेच आपल्या राष्ट्राला, आपल्या पक्षाला, आपल्या मंडळीला विचारण्याचे धैर्य ज्याला होईल, त्यालाच दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार.

लूकच्या शुभवर्तमानात एका राजाचा दृष्टांत आहे. त्याच्याजवळ दहा हजार माणसे आहेत आणि समोरून वीस हजारांचा धनी चालून येत आहे. निघण्याअगोदर तो खाली बसतो, हिशेब करतो, आणि जमणारे नसेल तर शत्रू दूर आहे तोवर वकील पाठवून सलोख्याची बोलणी करतो. दृष्टांताचा मूळ रोख शिष्यत्वाची किंमत मोजण्यावर आहे, हे खरे. परंतु त्या राजाचे वागणे आपल्या विषयालाही लागू पडते. तो मोजतो ते लढाईची खुमखुमी वाढविण्यासाठी नव्हे, तर बोलणी वेळेवर व्हावीत म्हणून. संख्या ही त्याच्यासाठी शहाणपणाचे साधन आहे.

आपल्या राष्ट्राजवळ आज पोलाद आहे, जहाजे आहेत आणि मोजणारी माणसेही आहेत. उद्या ह्या महासागरात मर्यादेची बोलणी खरोखरीच सुरू झाली, तर पहिला आकडा स्वतःचा वाचून दाखविणारा प्रतिनिधी आपण पाठवू काय? आणि त्याने तसे केले, तर पोलाद घडविणारे आपण त्याला देशद्रोही म्हणू, की त्याच्या पाठीशी उभे राहू? ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत ठरण्याअगोदर आपल्या घरांतून ठरत असते. त्यावर आपण शांतपणे विचार करावा, अशी माझी वाचकांना नम्र विनंती आहे.